धागा: शाळेत काम करताना बाल अत्याचार आणि शोषण कसं ओळखायचं, आणि ओळखल्यावर नेमकं काय करायचं

हजेरीपट
शाळांमध्ये यावर प्रशिक्षणं होतात, पण त्यात बहुतेक वेळ कलमं वाचून दाखवण्यात जातो. पाचवीच्या वर्गात उभं राहिल्यावर काय दिसायला हवं, दिसलं तर वहीत काय लिहायचं, कुणाला फोन करायचा, हे मात्र राहून जातं. म्हणून हा धागा. तो शिक्षकांपुरता नाही. शिपाई, सेविका, बसमधल्या ताई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, क्लार्क, क्रीडाशिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, सगळ्यांसाठी आहे. बऱ्याचदा मूल वर्गशिक्षकाला सांगत नाही, पाणी भरताना मावशींना सांगतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण सगळा घोळ इथेच होतो. शाळेचं काम खात्री करण्याचं नाही. दिसलं ते टिपायचं, मूल बोललं तर ऐकायचं आणि लगेच कळवायचं. पुरावा गोळा करणं पोलिसांचं काम, तपासणी डॉक्टरांचं, निवाडा कोर्टाचा. ‘आधी खात्री करून घेऊ’ म्हणत चार-आठ दिवस जातात. तेवढ्यात मूल गप्प होतं, कपडे धुतले जातात आणि समोरचा माणूस सावध होतो.

चौकट थोडक्यात: लैंगिक गुन्ह्यांसाठी पोक्सो कायदा, २०१२. १८ वर्षांखालची सगळी मुलं त्यात येतात, मुलगेही. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच मारहाण किंवा हेळसांड केली तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५. शाळेतल्या छडीसाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७, आणि त्यात मानसिक छळही येतो हे लोक विसरतात. बालमजुरी आणि बालविवाहाचे कायदे वेगळे. एकाच मुलाच्या बाबतीत यातले दोन-तीन एकदम लागू होऊ शकतात.

निळी शाई
शारीरिक खुणांपासून सुरू करते.

खेळणाऱ्या मुलाला लागतं ते हाडं पुढे आलेल्या जागी: नडगी, गुडघा, कोपर, कपाळ, हनुवटी. त्यासाठी कुणी वही उघडायची गरज नाही. जिथे पडून सहसा लागत नाही त्या जागा बघायच्या: कानाची पाळी आणि कानामागचा भाग, मान, गाल, दंडाची आतली बाजू, पाठ, पोट, कुल्ले, मांड्यांचा मागचा भाग.

दुसरं, खुणेचा आकार. दंडावर एका ओळीत तीन-चार गोल डाग आणि पलीकडच्या बाजूला एक, ही घट्ट पकडल्याची खूण. वायर किंवा दोरी दुमडून मारली तर लांबट फास उमटतो. पट्ट्याने मारल्यावर दोन समांतर रेषा उठतात आणि मधला भाग फिका राहतो. सिगारेटचा चटका गोल, कडा ठळक आणि रुंदी साधारण ८ ते १० मिलिमीटर. गरम पाणी चुकून सांडलं तर ओघळ आणि शिंतोडे दिसतात. हात किंवा पाय धरून बुडवला असेल तर मोजा घातल्यासारखी सरळ रेघ दिसते, शिंतोडे नसतात.

यात दोन चुका नेहमी होतात. डागाच्या रंगावरून ‘हा चार दिवसांपूर्वीचा’ असं ठरवलं जातं. तसं ठरवता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. रंग जसा दिसला तसा लिहा, वय लिहू नका. दुसरी चूक बालवाडीत होते. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर-करडे डाग असतात आणि ते मारल्याचे नसतात. ते दिवसेंदिवस तसेच राहतात, मार लागल्याचे डाग बदलत जातात.

खुणेइतकंच तिचं स्पष्टीकरण महत्त्वाचं. आई म्हणते जिन्यावरून पडला, मूल म्हणतं सायकलवरून. किंवा हकीकत दर वेळी थोडी बदलते. किंवा एवढं लागूनही दोन दिवस दवाखान्यात नेलेलं नाही. अशी विसंगती असेल तर खूण लहान असली तरी नोंद झालीच पाहिजे.

आणि मुलाचे कपडे काढून किंवा वर करून तपासायचं नाही. कधीच नाही, ‘फक्त मॅडमच बघतील’ असंही नाही. जे सहज दिसलं तेवढंच.

दप्तर
निळी शाई यांच्या प्रतिसादाला जोडून: लैंगिक अत्याचारात बहुतेक वेळा शरीरावर काहीच खूण नसते. ‘डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणजे काही झालंच नाही’ हे वाक्य शाळेत ऐकू आलं तर तिथल्या तिथे खोडायला हवं.

मग दिसतं काय? बदल. एक सुटं लक्षण धरून बसू नका, आधी कसं होतं आणि आता कसं आहे ते बघा.

लहान वर्गांत: शी-शूचं नियंत्रण आलेलं मूल पुन्हा कपडे ओले करायला लागतं. स्वच्छतागृहात जायला घाबरतं, दिवसभर पाणीच पीत नाही. लघवीला जळजळ होते म्हणून वारंवार सांगतं. नीट बसता येत नाही. खेळात किंवा चित्रात मोठ्यांच्या लैंगिक कृतीचे तपशील येतात, जे त्या वयात ठाऊक असायचं कारण नाही.

मोठ्या वर्गांत: गुण एकदम घसरतात, किंवा उलट, मूल सुट्टीतही वर्गातच थांबतं आणि शाळा सुटली तरी घरी जायला टाळाटाळ करतं. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. मनगटावर कापल्याच्या रेघा. जिवाभावाच्या मैत्रिणीशी बोलणं बंद.

हजेरीत मात्र उत्तर अनेकदा आयतं सापडतं, फक्त कुणी बघत नाही. महिन्यात चार गैरहजेऱ्या हा आकडा काहीच सांगत नाही. त्या चारही एकाच वारी आहेत, आणि त्या वारी एका ठरावीक सरांचा जादा तास असतो, हे बरंच काही सांगतं. मूल एकच बस टाळतंय का, एकाच नातेवाइकाबरोबर जायला नकार देतंय का, तेही बघा.

पाटीपेन्सिल
एक शंका. बालवाडीत, पहिलीत मुलं एकमेकांचे अवयव बघतात, डॉक्टर-डॉक्टर खेळतात. त्यातलं काय कळवायचं? नाहीतर रोज कुणाचं ना कुणाचं नाव पोलिसांत जायचं.

दप्तर
@पाटीपेन्सिल, रास्त प्रश्न आहे. वयाने सारखी मुलं, दोघांची हसतखेळत मर्जी, क्वचित घडणारं, आणि ‘असं नाही करायचं’ म्हटल्यावर थांबणारं असेल तर ती वाढीतली उत्सुकता आहे. ओरडायचं नाही, लक्ष दुसरीकडे वळवायचं.

थांबून बघायची वेळ कधी? वयात किंवा ताकदीत मोठा फरक असेल. एकाने दुसऱ्याला धमकावलं, आमिष दाखवलं किंवा गुप्तता पाळायला लावली असेल. सांगूनही पुन्हा पुन्हा होत असेल. किंवा कृती मोठ्यांची नक्कल वाटावी इतकी नेमकी असेल. मग दोन्ही मुलांकडे लक्ष द्यावं लागतं. ज्याने केलं त्या मुलावरही कुणीतरी ते केलेलं असू शकतं.

चौथा तास
आता सगळ्यात नाजूक भाग: मूल बोलायला लागतं तेव्हा.

मुलं सहसा एका दमात सांगत नाहीत, आधी एक तुकडा टाकून बघतात. ‘मॅडम, माझ्या मैत्रिणीला तिचे काका त्रास देतात.’ ‘सर, एखादी गोष्ट आईला सांगायची नसेल तर काय करायचं?’ त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो त्यावर पुढचं ठरतं. दचकलात, रागावलात, ‘काय सांगतेस!’ म्हणालात, तर मूल लगेच ‘काही नाही, असंच’ म्हणून निघून जाईल. बहुधा पुन्हा येणारही नाही.

हातातलं काम बाजूला ठेवा. जागा अशी निवडा की दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही, पण तुम्ही दोघं बाहेरून दिसाल. दाराला कडी नाही. मुलाच्या उंचीला बसा. मग कमी बोला.

चालणारे प्रश्न: ‘मला सांग.’ ‘मग काय झालं?’ ‘म्हणजे कसं, समजावून सांगतोस?’ मूल थांबलं तर थांबू द्या. ती शांतता भरून काढायची घाई नको.

न चालणारे प्रश्न: ‘त्याने तुला इथे हात लावला का?’ ‘हे सरांनीच केलं ना?’ ‘किती वेळा?’ ‘तू ओरडली का नाहीस?’ ‘आधी का नाही सांगितलंस?’ पहिले दोन मुलाच्या तोंडी उत्तर घालतात आणि पुढे कोर्टात बचावाचे वकील त्याच जागेवर बोट ठेवतात. बाकीच्यांनी मुलाला वाटतं की चूक त्याचीच आहे.

‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. त्याऐवजी: ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला सुरक्षित ठेवायला मला हे एक-दोन माणसांना सांगावं लागेल. कुणाला ते मी तुला सांगेन.’ मूल चिडलं, रडलं, तरी हेच.

आणि एकदाच. वर्गशिक्षिकेने ऐकलं, मग पर्यवेक्षकांनी बोलावून विचारलं, मग मुख्याध्यापकांसमोर, मग संस्थेच्या सचिवांसमोर, हे बंद झालं पाहिजे. चौथ्यांदा सांगताना मूल कंटाळून किंवा घाबरून काहीतरी गाळतं आणि लोक म्हणतात, बघा, जबाब बदलते. मुलाकडून लेखी अर्ज घेणं तर अजिबात नको. आरोप ज्याच्यावर आहे त्याला समोर बसवून ‘दोघांची बाजू’ ऐकणं हा तर मुलावर दुसरा अत्याचार.

निळी शाई
नोंद कशी करायची, त्याचा नमुना देते. बहुतेक वह्यांत असं दिसतं:

‘विद्यार्थिनी घाबरलेली वाटली. घरी काहीतरी प्रॉब्लेम असावा. पालकांना समज दिली.’

यातून काहीही कळत नाही, आणि पालकच मारत असतील तर शेवटच्या वाक्याने तिला त्या रात्री आणखी मार पडला असेल. असं लिहा:

‘इ. ४थी ब. मंगळवार, (तारीख), सकाळी ११.१०, मैदान. कवायतीला बाही वर सरकली तेव्हा डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार गोल निळसर डाग दिसले, एका ओळीत, प्रत्येक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. मी विचारलं: “हे कशानं झालं?” ती म्हणाली: “पडले.” थोड्या वेळाने स्वतःहून: “आईला नका सांगू, मग ते आईला पण करतात.” मी पुढे काही विचारलं नाही. जवळ दुसरं कुणी नव्हतं. ११.४० ला मुख्याध्यापिकांना तोंडी सांगितलं, १२.०५ ला ही नोंद लिहिली. सही, नाव, हुद्दा.’

मुलाचे शब्द जसेच्या तसे. मूल अवयवाला घरचा किंवा बोलीतला शब्द वापरतं तोच लिहायचा, ‘सभ्य’ करून नाही. आपला अंदाज लिहायचाच असेल तर ‘माझं मत’ असं म्हणून वेगळ्या ओळीत. नोंद त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही, व्हाइटनर नाही. हे कागद हजेरीच्या कपाटात ठेवायचे नाहीत, वेगळ्या कुलपात ठेवायचे. त्याचा फोटो काढून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं ही तर हद्द झाली, पण होतं.

कायद्याचं बोला
कळवण्याबद्दल नेमकं.

पोक्सोचं कलम १९: गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला धास्ती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. ‘कोणत्याही व्यक्तीने’ म्हणजे तुम्हीसुद्धा. ‘मी मुख्याध्यापकांना सांगितलं, माझं काम संपलं’ असं कायदा म्हणत नाही.

कलम २१: न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाने स्वतः कळवलं नाही म्हणून मुलाला हे लागू नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींचं प्रकरण बघा. त्यात न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं म्हटलं.

‘खोटं निघालं तर आपल्यावरच शेकेल’ या भीतीला कलम १९(७) उत्तर देतं: सद्भावनेने माहिती दिली तर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कलम २२ ची शिक्षा जाणूनबुजून, त्रास द्यायच्या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला आहे. चुकीच्या ठरलेल्या शंकेला नाही.

व्यवहारात: लेखी द्या, दोन प्रतींत. पोलिसांनी त्याला नोंद क्रमांक द्यायचा असतो, तुम्हाला वाचून दाखवायचं असतं. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घ्या. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी समितीला तुम्हीही एक प्रत पाठवलेली बरी. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवणं त्यांचं काम आहे. तालुक्याला, जिल्ह्याला खेटे तुम्ही घालायचे नाहीत.

१०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन २४ तास चालते, आता सरकारी यंत्रणेकडे आहे आणि ११२ शी जोडलेली आहे. मारहाण, हेळसांड, मजुरी, ठरलेला बालविवाह यासाठी सुरुवात तिथूनच करा. लैंगिक गुन्ह्यात मात्र १०९८ ला सांगितलं तरी पोलिसांना लेखी द्याच.

पाटीपेन्सिल
आणि मुख्याध्यापकच म्हणाले, ‘संस्थेचं नाव जाईल, आपण आपसात मिटवू’ तर?

कायद्याचं बोला
मग त्यांच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. त्यांना सांगितल्याची वेळ आणि त्यांचं उत्तर तुमच्या नोंदीत लिहा आणि स्वतः कळवा. परवानगी लागत नाही. त्यांनी लेखी मनाई केली तर तो कागद त्यांच्याच विरोधात जातो, तुमच्या नाही.

‘पालक तक्रार द्यायला तयार नाहीत’ हेही कारण नाही. तक्रार द्यायची की नाही हे पालकांच्या मर्जीवर नाही, आणि हा गुन्हा आपसात मिटत नाही. गावात बैठक घेऊन, दंड ठरवून, लग्न लावून देऊन तर मुळीच नाही.

बदलापूरच्या प्रकरणानंतर (शाळेतच दोन लहान मुलींवर अत्याचार झाले होते), ऑगस्ट २०२४ मध्ये, शासनाने शाळांसाठी पुन्हा सूचना काढल्या: सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती). समिती कागदावर असणं आणि तिची बैठक होणं यातलं अंतर मी सांगायला नको. पण एक लक्षात ठेवा: ही समिती पोलिसांच्या जागी चौकशी करायला नाही.

हजेरीपट
सीसीटीव्हीचा विषय निघाला म्हणून. यंत्रातलं जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं बसतं. किती दिवसांनी हे डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरतं. आपल्या शाळेत ते किती दिवस टिकतं हे आजच विचारून ठेवा, घटना घडल्यावर नाही. घटना कळताच त्या वेळचं चित्रण पुसलं जाणार नाही असं राखून ठेवायला सांगा, पोलिसांना तारीख-वेळ लेखी कळवा. ऑफिसात पाच जण मिळून ते बघत बसू नका आणि कुणाच्याही मोबाइलवर घेऊ नका.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे बदलावे लागले तर न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. उपचार मात्र कशासाठीही थांबवायचे नाहीत. एचआयव्ही रोखण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने पीडित मुलावर मोफत उपचार करायचे असतात. ‘आधी एफआयआर आणा’ असं ते म्हणू शकत नाहीत.

घंटा
आतापर्यंत घरचं आणि ‘बाहेरचं’ बोललो. आपल्यातल्या माणसाचं काय?

केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा किंवा विश्वासातला होता. शाळा हे विश्वासाचंच ठिकाण. शिक्षणसंस्थेतल्या कर्मचाऱ्याने तिथल्याच मुलावर अत्याचार केला तर पोक्सोत तो ‘गंभीर’ प्रकारात मोडतो आणि शिक्षा वाढते.

अशी माणसं बहुधा खडूस नसतात. लोकप्रिय असतात, मदतीला तत्पर असतात. पद्धत हळूहळू चालते. एक मूल निवडायचं, शक्यतो घरी लक्ष द्यायला कुणी नसलेलं. त्याला खास वागणूक, लहान भेटी, जास्तीचे गुण. मग एकांताची कारणं: वही तपासायला थांब, स्पर्धेची तयारी, गाडीवर घरी सोडतो. मग लहानशी गुपितं, ‘हे आपल्यातच’. मग स्पर्शाची मर्यादा थोडी थोडी सरकवायची, सगळ्यांसमोर, थट्टेत. मूल गप्प बसलं की पुढची पायरी.

यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर निरुपद्रवी वाटते, म्हणून किरकोळ खटकणाऱ्या गोष्टींची वेगळी वही हवी. एकाने लिहिलं, रात्री दहा वाजता विद्यार्थिनीला मेसेज. दुसऱ्याने लिहिलं, बंद दाराआड शिकवणी. तिसऱ्याने लिहिलं, बसमध्ये नेहमी त्याच मुलाला शेजारी बसवतात. तीन सह्या, तीन तारखा, नाव एकच. चहा पिताना या गोष्टी तीन वेगळ्या टेबलांवर बोलल्या जातात आणि कधी एकत्र येत नाहीत.

नियम साधे ठेवा: एकट्या मुलाबरोबर बंद खोली नाही, मुलांशी खासगी मेसेज नाहीत, शेवटचं मूल उतरेपर्यंत बसमध्ये सेविका. लहान वर्गांच्या स्वच्छतागृहाची जबाबदारी कोणत्या सेविकेकडे, कोणत्या वेळेत, हे भिंतीवर लिहिलेलं. नियम सगळ्यांना सारखे, मग कुणावर संशय घेतला असं होत नाही.

चौथा तास
मोबाइलवरून होणारं शोषण वेगळं लिहायला हवं, कारण तिथे मूल घरात, सुरक्षित खोलीत बसलेलं असतं.

क्रम साधारण ठरलेला. गेममध्ये किंवा रील्सखाली ओळख, समोरचा ‘पंधरा वर्षांचा’. मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये’. मग एक फोटो. मग लगेच धमकी: पैसे दे किंवा आणखी फोटो दे, नाहीतर तुझ्या यादीतल्या सगळ्यांना पाठवतो. मुलगेही यात भरपूर अडकतात, आणि लाजेने तेच कमी बोलतात.

शाळेत दिसणारी लक्षणं: फोन वाजला की चेहरा उतरणं, झोप नसल्याने पहिल्या तासाला डुलक्या, घरातून पैसे चोरणं, अचानक महागडा फोन, दुसरं सिमकार्ड, वयाने बरीच मोठी ‘मैत्री’ गेटवर गाडी घेऊन.

काय करायचं: मुलाचा फोन हातात घेऊन चाळू नका. तो फोटो स्वतःला फॉरवर्ड करू नका, ‘पुरावा म्हणून’ स्क्रीनशॉटही नको. असं चित्रण जवळ ठेवणं किंवा पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, आणि २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी कडक केलं. समोरच्याचं खातं, नंबर, वेळ कागदावर लिहा, मुलाला खातं डिलीट करू देऊ नका, फोन बंद करून तसाच पोलिसांकडे. केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मुलाला पहिलं वाक्य: ‘पैसे देऊ नकोस, आणखी फोटो पाठवू नकोस, तू यात अडकवला गेलास.’ फोन जप्त करून आईवडिलांसमोर लाज काढली, तर ते मूल जिवाचं काही करून घेऊ शकतं. या एका प्रकारात वेळ फार कमी असतो, त्या दिवशी त्याला एकटं घरी पाठवू नका.

पाटीपेन्सिल
दहावीतली मुलगी, बारावीतला मुलगा, दोघांची मर्जी. शिक्षिकेला कळलं. इथेही कलम १९? मग मुलं आपल्याशी बोलतील कशी?

कायद्याचं बोला
१८ वर्षांखाली संमती कायद्यात धरली जात नाही, त्यामुळे लैंगिक संबंध आल्याचं कळलं तर जबाबदारी लागू होते. यावर बरीच चर्चा चालू आहे आणि अनेक न्यायालयांनी याची अडचण बोलून दाखवली आहे, पण आज कायदा असा आहे. मैत्री, प्रेम, चिठ्ठ्या हा गुन्हा नाही, ते पोलिसांत न्यायचं नाही.

दप्तर
मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. कायदा तसाच आहे, मान्य. पण समुपदेशकाकडे येणारी मुलं यामुळेच आटली आहेत, आणि त्यात धाकदपटशाने ओढलेल्या मुलीही बोलायच्या थांबतात. मार्ग एकच दिसतो: बोलणं सुरू होण्याआधीच मुलांना सांगायचं की कोणत्या गोष्टी मी माझ्याकडे ठेवू शकते आणि कोणत्या नाही. समुपदेशन खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मग सांगायचं की नाही हे मूल जाणून ठरवतं, फसवलं गेल्यासारखं त्याला वाटत नाही.

निळी शाई
हेळसांड राहिली. ती दिसायला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित.

गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे, हे आधी. फाटका गणवेश, जुनी चप्पल, डबा नाही, पण केस विंचरलेले, आजारी पडलं की कुणीतरी दवाखान्यात नेतं, पालकसभेला आजी तरी येते. तिथे तक्रार नाही, मदत हवी. हेळसांड म्हणजे गरज दिसते आहे, मदत उपलब्ध आहे, तरी सतत दुर्लक्ष. दर सोमवारी तीनदा खिचडी मागणारं आणि उरलेली पिशवीत भरून नेणारं मूल. वर्षभर वाहणारा कान. आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर रोज तान्हं भावंड.

खिचडीवरच्या मावशींना हे वर्गशिक्षकाच्या आधी कळतं. त्यांना महिन्यातून एकदा दहा मिनिटं बसवून ‘कोण जास्त खातंय, कोण खातच नाही’ एवढं विचारा.

घंटा
दिव्यांग मुलांबद्दल एकच: बदललेली वागणूक अपंगत्वाच्या खाती टाकू नका. ‘तो असाच करतो’ म्हणून किती गोष्टी सुटतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी शरीराच्या अवयवांची, ‘नको’ची, ‘दुखतं’ची चित्रं संवादफलकावर हवीतच. नसतील तर त्याच्याकडे सांगायला शब्दच नाहीत. जबाबाच्या वेळी विशेष शिक्षक किंवा दुभाषी घेण्याची सोय पोक्सोत आहे, पोलिसांना तशी लेखी विनंती करा.

चौथा तास
तक्रारीनंतरचे दिवसही शाळेच्याच हातात असतात. मुलाची तुकडी बदलू नका, शिक्षा झाल्यासारखं वाटतं. ज्याच्यावर आरोप आहे तो कर्मचारी मुलांपासून दूर. कोर्टाच्या तारखांची गैरहजेरी सांभाळून घ्या. मुलाचं नाव, घर, शाळा यांची ओळख पटेल असं माध्यमांत काही येता कामा नये, पोक्सोचं कलम २३. पत्रकाराचा फोन आला तर ऑफिसातल्या कुणी ‘ऑफ द रेकॉर्ड’ बोलायचं नाही. पालकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या, मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्य तिथून मिळतं.

जबाब घ्यायला येणारे पोलीस गणवेशात नसावेत, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या, आणि जागा मुलाच्या सोयीची. ते शाळेत गणवेशात आले तर नम्रपणे आठवण करून द्या.

पाटीपेन्सिल
शेवटची शंका. आमच्या भागात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबं निघतात. तक्रार दिली आणि पुढच्याच आठवड्यात मूल फडावर गेलं तर?

हजेरीपट
तक्रारीतच लिहा: कुटुंब कधी निघणार, मुकादमाचं नाव, कोणता कारखाना, कोणता जिल्हा, बरोबर कोण जाणार. हे गावात सगळ्यांना माहीत असतं, पोलिसांना माहीत असतंच असं नाही. ज्याच्यावर संशय आहे तोच टोळीत असेल तर ते पहिल्या ओळीत.

बालकल्याण समितीला त्याच दिवशी कळवा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातल्या समितीकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे प्रकरण सोपवता येतं. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मूल मागे राहू शकतं का, हेही समितीला विचारा. परस्पर ठरवू नका, कारण धोका मागे राहणाऱ्या घरातही असू शकतो.

तेरा-चौदा वर्षांच्या मुली या हंगामाच्या तोंडावर एकदम शाळेतून बंद होतात, त्यांची वेगळी यादी करा. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणून ऊसतोडीचं काम मिळतं, म्हणून घाईने लग्नं ठरतात. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी द्या आणि १०९८ लाही कळवा. हळद लागायच्या आधी कळवलं तर थांबवता येतं. ग्राम बाल संरक्षण समितीत विषय नेताना मुलीचं नाव घेऊ नका, त्या बैठकीत तिचे चुलते बसलेले असू शकतात.